आईची सेवा आम्ही बंद केली तेव्हा

आईला तोल सांभाळायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं होतं, नेमका त्याच सकाळी पँट घालताना मी पडलो.

पडलो म्हणजे चांगला आडवा. एक पाय पँटीत, दुसरा हवेत, आणि तोंड चालूच. "आई, आवर गं लवकर. या वयात एकदा तोल गेला की माणूस..." पुढचं वाक्य कपाटाच्या दारानं पूर्ण केलं.

"काय पडलं गं?" बाहेरच्या खोलीतून आईनं विचारलं.

"हे पडले," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"मंग ठीक हाय. मला वाटलं, गॅसची टाकी."

दोघींपैकी कुणीही बघायला आलं नाही. बायको आली नाही, कारण तव्यावर पोळी होती आणि अशा वेळी आमच्या घरात पोळीचा नंबर आधी लागतो. आई आली नाही, कारण आईला सोफ्यावरून उठताच येत नव्हतं. कुणीतरी दोन्ही हात धरून ओढल्याशिवाय ती उठू शकत नव्हती, आणि तो ओढणारा मी, तो तर आत फरशीवर पँटीशी झटापट करत होतो.

आई आमची पाचोडची. वडील गेल्यावरही ती तिथं एकटीच राहत होती आणि मजेत राहत होती. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं अंगण, अंगणात धुण्याचा दगड. बाजाराच्या दिवशी ती स्वतः पिशवी घेऊन जायची, भाजीवाल्याशी भांडायची, आणि येताना दुसऱ्या दोघींची भांडणं मिटवून यायची. मागच्या हिवाळ्यात त्या धुण्याच्या दगडाजवळ तिचा पाय घसरला. हाड मोडलं नाही, नुसता घोटा सुजला. पण मी मुलगा आहे. मी गाडी करून गेलो आणि "बरी होईपर्यंत चल" म्हणून तिला शहरात घेऊन आलो.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. आली त्या दिवशी आमच्या सिडकोतल्या घराचा जिना ती कठड्याला हात लावत लावत, पण आपल्या पायांनी चढली होती.

मग आम्ही तिची सेवा सुरू केली.

आमच्या घराण्यात सेवेला फार मान आहे. पाहुणा दारात आला की चप्पल काढता काढता आधी बघतो, म्हातारी बसलेली आहे की उभी आहे. बसलेली असली तर सून चांगली. हातात काही काम दिसलं तर सून बरी, पण जरा लक्ष ठेवायला हवं. आणि म्हातारी उभी राहून काही काम करताना दिसली, तर त्या घरात मुली द्यायच्या की नाही याचा विचार होतो. त्यामुळं आम्ही आईला बसवलं. पाणी हातात, ताट हातात, गोळ्या हातात. पंखा लावायचा तर मी, बंद करायचा तर मी. चप्पलसुद्धा मीच तिच्या पायात सरकवायचो आणि सरकवताना शेजारच्यांची खिडकी उघडी आहे ना, एवढं बघून घ्यायचो.

बसायला आमचा सोफा होता. हा सोफा मी हौसेनं आणलेला. त्यात माणूस बसत नाही, उतरतो. आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "ह्यात बसलं की पाऊस पडल्यावर मोसंबीच्या बागंत गेल्यावानी वाटतंय. पाय रुतला की निघतच नाय." मी हसलो होतो. उन्हाळा येईपर्यंत आई खरंच रुतली. घोटा कधीच बरा झाला होता, पण तिचे पाय तिला उचलेनात. संडासला जायचं तर भिंत धरून, भिंत संपली की मला धरून.

अशात सिल्लोडहून आत्या आली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, आमच्या घराण्याचं सुप्रीम कोर्ट. तिनं आईला सोफ्यात बघितलं, माझ्या बायकोला "चांगली ठेवलीस हो सासूला" असं प्रशस्तिपत्र दिलं आणि निकाल सांगितला. "वहिनी, आता तुम्ही एकटीनं राहायचं नाही. पाचोडच्या घराला कुलूप. किल्ली माझ्याकडं राहील. तिथल्या शाळेतल्या एका गुरुजींना भाड्यानं घर पाहिजे, दिवाळी झाली की ते राहायला येतील."

आईनं किल्ली दिली. आत्याला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. आत्यानं ती किल्ली कमरेच्या बटव्यात टाकून बटव्याची दोरी ओढली आणि आई त्या बटव्याकडं बघत राहिली. आत्या गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "मपलं घर हाय ते."

'मपलं' म्हणजे माझं. ती हा शब्द एरवी पोराबाळांना वापरते. त्या दिवशी घराला वापरला.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी बायकोनं मला बाजूला घेतलं. "अहो, आई दुपारी कुणी नसताना उठायचा प्रयत्न करतात. मी दारातून बघितलं. उठतात, अर्ध्यात येतात आणि परत खाली जातात. मग इकडं तिकडं बघतात, कुणी पाहिलं तर नाही ना." तिनं चौकशी केली, कुणीतरी औरंगपुऱ्यातल्या व्यायामवाल्या डॉक्टरीणबाई सांगितल्या, आणि ती सकाळ उजाडली, जिची सुरुवात मी कपाटाला डोकं आपटून केली.

रिक्षा दाराशी आली. मी लंगडत आईला धरून आणत होतो, की आई लंगडत मला धरून आणत होती, हे लांबून सांगणं अवघड होतं. रिक्षावाल्यानं दोघांकडं नीट बघितलं आणि आईला म्हणाला, "अम्मा, आराम से. पहले चचा को बिठाओ, गिर जाएंगे."

आई औरंगपुरा येईपर्यंत हसत होती.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. तोल गेलेल्यांसाठीचा दवाखाना वरच्या मजल्यावर काढणाऱ्याच्या मनात काय असेल, याचा विचार करत आणि मध्ये दोनदा थांबत आम्ही वर पोचलो. डॉक्टरीणबाई म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. तिनं हसून खुर्ची पुढं केली. "या काका, बसा. कधीपासून त्रास होतोय?"

"मला नाही. आईला दाखवायचंय."

"मग तुम्ही लंगडताय का?"

मी काहीतरी सभ्य कारण शोधत होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "पँट घालताना पडला त्यो."

"एका पायावर उभं राहून?"

"व्हय. बसून घालायला काय लाज वाटती त्याला."

डॉक्टरीणबाईंनी आईला तपासलं. छातीवर हातांची घडी घालून खुर्चीतून उठायला सांगितलं, आईला जमलं नाही. एका पायावर उभं राहायला सांगितलं, आईनं टेबल सोडलं नाही. "काका, आता तुम्ही," असं तिनं सहज म्हणाल्यासारखं म्हटलं. मी खुर्चीतून उठलो, पण उठताना माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बाहेर बसलेल्या बाई आत डोकावल्या. एका पायावर मी उभा राहिलो तेव्हा भिंतीवरचं पाठीच्या कण्याचं चित्र माझ्या हातात आलं.

मग तिनं विचारलं, "आजी घरी दिवसभर काय काय करतात?"

हा माझ्या आवडीचा विषय होता. मी सगळी सेवा सविस्तर सांगितली. पाणी, ताट, गोळ्या, पंखा. चपलेपाशी आलो तेव्हा माझा आवाज थोडा भरून आला होता. आता ही पोरगी म्हणेल, असे मुलगे हल्ली राहिले नाहीत.

ती म्हणाली, "हे सगळं बंद करा."

"कोणतं?"

"सेवा. आजींच्या हाडांना काही झालेलं नाही. पाय वापरलेच नाहीत म्हणून त्यातली ताकद गेलीय. वापरले तर बरीचशी परत येईल."

आईनं हे नीट ऐकून घेतलं. ती पुढं सरकली. "बाई, मला एक सांग. मला मपल्या घरी एकटीला ऱ्हाता येईल का?"

मला वाटलं, पोरगी गोड बोलून वेळ मारून नेईल. तिनं तसं केलं नाही. "जमिनीवर बसून, कुणीही हात न देता उठता आलं पाहिजे. आणि काही न धरता सरळ चालता आलं पाहिजे. तेवढं जमलं तर मी अडवणार नाही. दिवाळीपर्यंत बघू या."

"पण मी ते व्यायामबियाम करणार नाय. ह्या वयात काय तालमीत जाऊ?"

"व्यायाम नकोच. घरातलं कामच करा. फक्त कसं करायचं ते मी सांगते." मग ती माझ्याकडं वळली. "काका, तुम्ही शेजारी उभं राहायचं. पण हात खिशात. त्या खरंच पडायला लागल्या तरच हात बाहेर काढायचा."

एका रेषेत बोटांपुढं टाच, बोटांपुढं टाच टेकवत कसं चालायचं ते तिनं फरशीच्या सांध्यावरून चालून दाखवलं. आई बघत होती. "एवढंच व्हय! हे तर बांधावरून चालल्यावानी हाय. डोक्यावर भाकरीची पाटी ठिवून चाललेय मी." डॉक्टरीणबाई एकदम खूश झाल्या. त्यांनी तेव्हापासून त्या प्रकाराला बांधच म्हणायला सुरुवात केली.

घरी आल्यावर सूत्रं बायकोनं हातात घेतली. ती शाळेत शिकवते. एखाद्याकडून त्याला कळू न देता काम करून घेणं हा तिच्या नोकरीचा भाग आहे आणि माझ्या संसाराचा. आधी तिनं आईची जागा सोफ्यावरून हलवून सरळ पाठीच्या लाकडी खुर्चीत आणली, बूड घट्ट टेकेल अशी. मग शेंगा फोडायला दिल्या. शेंगांची टोपली खुर्चीजवळ, दाण्यांचं ताट पलीकडच्या टेबलावर. मूठभर दाणे झाले की आईनं उठायचं, बांधावरून जायचं, दाणे टाकायचे, परत येऊन हळूच बसायचं, धपकन नाही. पहिल्या दिवशी आई खुर्चीचे दोन्ही हात धरून उठायची. आम्ही त्या उन्हाळ्यात इतकी दाण्याची चटणी खाल्ली की शेजाऱ्यांना डबे भरभरून दिली.

साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. ओट्याची कड धरून टाचा उचलल्याशिवाय तो हाती लागायचा नाही. आईला चहा दिवसातून पुष्कळदा लागतो. दूध तापत ठेवलं की ते वर येईपर्यंत एक बोट ओट्याला लावून एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. "दूध बघू का पाय बघू?" आई ओरडायची. सुरुवातीला तिनं पाय बघितला आणि दूध उतू गेलं. बायको नुसतं ओटा पुसत म्हणाली, "जाऊ द्या. पाय छान होता."

आणि मी? माझी अडचण वेगळीच निघाली. घरी मी लुंगी नेसतो आणि लुंगीला खिसे नसतात. मोकळे हात माझं ऐकत नव्हते. आई खुर्चीतून जरा पुढं झुकली की मी झडप घालायचो. "शिवू नगंस!" आई म्हणायची. "मी काय काचेची बरणी हाय?" शेवटी बायकोनं फर्मान काढलं की आई चालताफिरताना मी घरातसुद्धा पँट घालायची. म्हणजे पहाटे पँट, संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर पुन्हा पँट. ती आता मी पलंगावर बसून घालायला लागलो होतो आणि दार लावून घेत होतो.

दात घासताना एका पायावर उभं राहायचा मीही गुपचूप प्रयत्न केला. आरशावर इतका फेस उडाला की बायकोला ते गुपित तेव्हाच कळलं.

हळूहळू आईचे पाय जागे व्हायला लागले. भिंत सुटली. मग जिना सुरू झाला, आधी दोन पायऱ्या, मग अर्धा, मग पुरा. आमच्याकडं नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, आणि येतं त्या दिवशी घरात लग्नघाई असते. पिण्याचं पाणी आम्ही खालच्या नळावर भरून हातानं वर आणतो. आई म्हणाली, "मी बी आणणार." डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, छोटी कळशी, अर्धी, दुसरा हात कठड्याला, आणि कुणीतरी मागं. मागं मी, हात खिशात. वर दारात खुर्ची टाकून बायको, आईनं वर आल्यावर तिथं बसावं म्हणून. आई खाली गेली की बायको त्या खुर्चीवर बसायची, कारण तिची पाठही त्या दिवशी दुखत होती.

आता हे चित्र तुम्ही जिन्याच्या खालून बघा. म्हातारी सासू कळशी घेऊन जिना चढतेय. मागं मुलगा खिशात हात घालून चालतोय. वर सून खुर्चीत बसून म्हणतेय, "छान, आई! सावकाश! अजून एक खेप जमेल?"

आणि खालून हे चित्र बघायला त्या दिवशी नेमकी आत्या आली.

आत्याच्या हातातली पिशवी पायरीवर पडली. "अगं बाई बाई बाई!" एवढंच ती म्हणाली. चहा घेतला नाही. मी समजावून सांगायला लागलो तर म्हणाली, "तू बोलू नकोस. तुझे हात कुठं होते ते मी बघितलंय." पाणी संपायच्या आत ती निघूनही गेली.

सिल्लोड आमच्यापासून बरंच लांब आहे, पण बातमी तिच्या एसटीच्या आधी पोचली असावी. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. मामाचा फोन, मावशीचा फोन, आणि ज्यांच्या लग्नाला मी गेलो होतो का ते मला आठवत नाही, अशांचेही फोन. सगळे आधी तब्येत विचारायचे, मग आवाज खाली आणायचे. "आईला पाणी भरायला लावता म्हणे?"

आई स्वतः फोनवर आली तर मिटेल, असं आम्हाला वाटलं. मामाचा फोन मी तिच्या हातात दिला. आई मोठ्या अभिमानानं म्हणाली, "व्हय रं, मीच भरते पाणी. शेंगा फोडते, चहा बी माझा मीच करते. सूनबाई नुसती बसून सांगती!" तिच्या हिशेबानं ती सुनेचं कौतुक करत होती. पलीकडून मामा म्हणाला, "फोन जरा पोराकडं दे."

त्या संध्याकाळी बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. "बास झालं. उद्यापासून आईंना ताट हातात, पाणी हातात. सोफासुद्धा जागेवर आणा. मला नाही हा बोल लावून घ्यायचा. शाळेतल्या एका बाईंनी आज विचारलं मला. त्यांना कुणी सांगितलं? त्या तर लातूरच्या आहेत!"

ती इतके दिवस आईसाठी हे सगळं करत होती आणि गावभर बदनामी तिची होत होती. मी म्हटलं, "बरं."

"काय बरं? काय बरं?" दारातून आवाज आला.

आई उभी होती. डोळे मोठे, पदर खोचलेला. "खबरदार माझं ताट हातात आणून दिलंस तर! लोकायचं काय ऐकती गं तू? वन्सं माझी किल्ली घिऊन बसल्यात. दिवाळीला त्यो गुरुजी माझ्या अंगणात वाळत घालणार कपडे! मला घरी जायचंय. तू मला बसवलीस तर मी मरंपस्तोर त्या सोफ्यात रुतून ऱ्हाईन."

बायको वळली, पण आईकडं न बघता तिच्या मागं बघायला लागली. मग मीही बघितलं. खुर्ची बाहेरच्या खोलीत रिकामी होती. आईच्या एका हातात शेंगांची टोपली होती, दुसऱ्यात दाण्यांची वाटी. म्हणजे ती उठली तेव्हा तिचे दोन्ही हात भरलेले होते.

"आई," बायको हळूच म्हणाली, "तुम्ही कशाला धरून उठलात?"

आई बघत राहिली, टोपलीकडं, वाटीकडं, मग खुर्चीकडं. "मला काय ठाऊक! मला राग आलता."

त्या रात्री आमच्याकडं शिरा झाला. दुसऱ्या दिवशीही सोफा जागेवर आला नाही.

जमिनीवर बसून उठणं मात्र दिवाळी तोंडाशी आली तरी चालूच होतं. ती युक्ती डॉक्टरीणबाईंनी शिकवली. सरळ उठायला जायचंच नाही. आधी कुशीवर वळायचं, मग रांगत्या पोरासारखं गुडघ्यांवर यायचं, खुर्चीपर्यंत जायचं, खुर्चीवर हात ठेवायचे, एक पाऊल पुढं रोवायचं आणि उठायचं. आई सतरंजीवर बसून भाजी निवडायला लागली आणि दर वेळी त्याच रस्त्यानं वर यायला लागली. एखादे दिवशी मध्येच दमून रांगत्या अवस्थेत थांबायची आणि खालूनच गप्पा मारायची. मग एक दिवस खुर्चीचीही गरज उरली नाही. गुडघ्यावर स्वतःचा हात दाबून ती उठली, आणि काहीच न झाल्यासारखी भाजी घेऊन आत गेली.

दिवाळीच्या आधी आत्या आली. गुरुजींना किल्ली द्यायची म्हणून आईच्या पेटीतून काही काढायचं असेल तर विचारायला आली होती. खरं तर आमच्या घराची पाहणी करायला आली होती. बायकोनं चहा दिला, पण आईचा कप ओट्यावरच ठेवला. आत्याच्या भुवया वर गेल्या. आई उठली, कप घेऊन आली, बसली. आत्याच्या भुवया वरच राहिल्या.

"वन्सं," आई म्हणाली, "खाली बसू चला. सतरंजी टाकलीय. पहिल्यावानी."

आत्या बसली. तिनं मलाही खुणावलं, म्हणून मीही बसलो. चहा झाला. जुन्या गोष्टी निघाल्या. मग आईनं कप बाजूला ठेवला, गुडघ्यावर हात दाबला आणि उभी राहिली. तिथून भिंतीपर्यंत बांधावरून गेली, वळली, परत आली. हातात काही नाही, भिंतीला हात नाही. मी सवयीनं हात खिशात घालायला गेलो, पण बसल्या जागी ते खिशात जातच नव्हते.

"झालं," आई म्हणाली. "आता किल्ली द्या."

आत्या आईकडं बघत होती. आत्या तशी मनानं वाईट नाही, तिला फक्त निकाल बदलायची सवय नाही. "वहिनी, एकदा उठलात म्हणून काय झालं? आम्हीपण बसतो-उठतो की." आणि हे सिद्ध करायला ती उठायला गेली.

ती अर्ध्यात आली आणि परत खाली गेली. मग इकडं तिकडं बघितलं. मी तिला हात द्यायला उठायला गेलो, तर कपाटापाशी पडलो होतो त्या सकाळसारखंच मलाही उठता येईना. आम्ही दोघं सतरंजीवर. उभ्या दोघीच, आई आणि माझी बायको. बायकोनं तोंडावर पदर घेतला होता.

"वहिनी, हात द्या," आत्या म्हणाली.

"नाय द्यायचा. डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. कुशीवर वळा आधी."

"अहो, पाहुण्यांसमोर..."

"कोण पाहुणं हाय? वळा. आता गुडघ्यावर या. हां. खुर्चीकडं चला. बाळा, तू बी वळ, बघत काय बसलास?"

त्या दुपारी आमच्या घराण्याचं सुप्रीम कोर्ट आणि मी, दोघं एकामागं एक रांगत खुर्चीपाशी गेलो. आई कमरेवर हात ठेवून पुढची पायरी सांगत होती. खुर्ची एकच असल्यामुळं माझा नंबर दुसरा लागला. आत्या उभी राहिली, घाम पुसला, बटव्याची दोरी सैल केली आणि काही न बोलता किल्ली आईच्या हातावर ठेवली. मग म्हणाली, "सिल्लोडला येऊन हे माझ्या सुनेला एकदा समजावून सांगाल का? ती मला जागचं हलू देत नाही."

पाचोडला मी आधी जाऊन आलो. न्हाणीत धरायला दांडा बसवला, अंगणात दिवा लावला, धुण्याचा दगड हलवून तिथली फरशी खडबडीत करून घेतली. शेजारणीनं सकाळी एकदा डोकवायचं कबूल केलं. आई मात्र म्हणाली, गाडी नको, मी एसटीनं जाईन.

स्टँडवर एसटीची पायरी भलतीच उंच होती. आईनं दांडा धरला, पाय टाकला. माझे हात निघालेच होते.

"हात!" बायको दातांतून म्हणाली.

मी हात खिशात घातले. आई चढली. खिडकीजवळ बसली, पिशवीतून किल्ली काढून बघितली, परत ठेवली. एसटी हलली तेव्हा तिनं आमच्याकडं बघून हात केला आणि लगेच पुढं बघायला लागली. तिला रस्ता बघायचा होता.

घरी आलो. घर मोठं वाटत होतं. शेंगांची टोपली खुर्चीजवळच होती. मला काही सुचेना, म्हणून मी सोफा ओढून पुन्हा जागेवर आणला आणि त्यात उतरलो. चांगला खोल. मग नेहमीच्या सवयीनं आत आवाज दिला, "अगं, पाणी आण गं जरा."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. बायको दारात आली, पण तिच्या हातात पाणी नव्हतं.

"आईंची सेवा बंद केली, तर त्या पाचोडला पोचल्या," ती म्हणाली. "आजपासून तुमचीही बंद. बघू, माठापर्यंत तरी पोचता का ते."